ओलव्यांची गोष्ट वाचली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आवाज चढवायला नको होता. तीन वर्षं मनात ठेवलेली गोष्ट तू पहिल्यांदा मला वाचायला दिलीस आणि मी तिच्याबद्दल एक शब्द न बोलता "आधी खोकला दाखव" म्हणून मागे लागलो. तू फोन ठेवलास, बरोबर केलंस. आज खोकल्याचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तुझे ओलवे लोक मला आवडले. दलदलीत खांबांवर घरं, पोरांच्या कमरेला शिंपल्यांच्या माळा, आजीकडून नातीकडे जाणारी जाळ्याची गाठ. ती गाठ काकीची, मी लगेच ओळखली. पण बाय, तुझे ओलवे सूर्य उगवला की उठतात आणि मावळला की निजतात. खाडीच्या माणसाचं तसं नसतं गं. त्याचा दिवस पाण्यावर चालतो. तुझा आजा घड्याळ न बघता तिथीची पाऊणपट करायचा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला खाडी भरणार. अष्टमीला सहाला. एकादशीला पुरती ओहोटी रात्री दोनच्या पुढे होते, मग दोनला उठून टोपली घ्यायची आणि खेकडे-चिंबोऱ्या पकडायला निघायचं. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तशी तुझ्या ओलव्यांची जेवणं नि झोपा सरकू देत. उधाणाला त्यांची पोरं दिवसा झोपलेली दाखव, भांगाला, पाणी कमी चढतं तेव्हा, सगळी घरात. तूही म्हणे हल्ली रात्री दोनपर्यंत लिहीत बसतेस, खिडकी उघडी टाकून. असो.

आणि चिखलात कुणी पायात काही घालत नाही. चिखल ते ओढून घेतो. एका जागी उभं राहायचं नाही, पाऊल टेकलं की उचलायचं. तू सहा वर्षांची असताना खारफुटीतल्या चिप्पीच्या झाडाखाली मांडीपर्यंत रुतली होतीस, आठवतं? माझ्या छातीत धडधडत होतं आणि तू निवटीकडे बघत होतीस. ती चिखलावर परांनी सरपटत होती. "बाबा, ही मासा आहे का बेडूक?" ओढून काढलं तेव्हा तळव्याला कालवाने चांगलं कापलेलं, रक्त थांबेना. तू रडली नाहीस. त्याच दिवशी मी घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो होतो, ही पोर वेगळी आहे. तुला कधी सांगितलं नाही ते. निवटी घाल गोष्टीत.

एक मात्र मला टोचलं. तुझ्या गोष्टीत बांध सरदार घालतो. ते काढून टाक. आपल्या खारेपाटात, खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीत, बांध राखला तो गावाने. जोळ म्हणायचे त्याला, घरटी माणूस बांधावर जायचा. आणि ज्यांनी खारं पाणी अडवून भात पिकवलं, त्यांच्याच डोक्यावर खोत बसले, म्हणून तर १९३३ पासून १९३९ पर्यंत चरी गावचा शेतकऱ्यांचा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर लोकांनी सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. आजा ते सांगताना आवाज बारीक करायचा. तुझ्या ओलव्यांना सरदार कशाला हवा?

बांध फुटून खांड कशी जाते तेही नीट लिही. एकदम लाट येऊन बांध फोडते असं तू लिहिलंस. बहुतेक वेळा आधी चिंबोरीचं बीळ असतं. त्यातून पाणी झिरपतं, माती भुसभुशीत होते, कुणाचं लक्ष नसतं, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री बांध जातो. आपली खालची शेतं अशीच गेली. पुढे तीन पावसाळे मिठाने भात धरला नाही. बीळ दिसलं तेव्हाच चार ढेकळं दाबली असती तर. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासून घ्यावी, हे इथल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवरसुद्धा लिहिलंय, आणि तुझा गणपतीपासून आहे. धुळीचा आहे, हवेचा आहे, असं नानाच्या खोकल्याच्या वेळी आपण सगळेच म्हणत होतो.

बघ, लिहिलंच शेवटी. माफ कर. पण तुझ्या गोष्टीतली म्हातारी खोकत खोकत जाते ना, ते पान मी दोनदा वाचलं आणि वही मिटून उघाडीपर्यंत, बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, चालत गेलो. ओहोटी होती, शेतातलं पाणी झापा ढकलून खाडीत जात होतं. बराच वेळ तिथेच बसलो. तू ते इतकं खरं लिहिलंयस की मला अभिमान वाटावा की भीती, तेच कळेना. तो आवाज तू कुठून ऐकलास बाय? नानाच्या वेळी तू चार वर्षांची होतीस.

काकीने सोडे आणि राताचे तांदूळ दिलेत, शेजारचा पोरगा शनिवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. तुझी वही मी ठेवून घेतलीय, समासात पेन्सिलीने खुणा केल्यात, पेनाने नाही.

रविवारी पौर्णिमा. रात्री सव्वाअकराला खाडी भरेल, तेव्हा मी बांधावर असेन. त्याआधी फोन कर. डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांग, मग ओलव्यांचं बोलू.

तुझा,
बाबा