हुतात्मा सुटल्यावर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरं' म्हणून ठेवतेस, म्हणून लिहितोय. तुझी हुतात्मा एक्सप्रेस सुटली आणि मी स्टेशनवरून थेट स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दहा वाजेपर्यंत पायरीवर बसलो.

मी तुझी चेहऱ्याला लावायची स्टेरॉईड मलमाची ट्यूब कचऱ्यात टाकली, तू उपसून काढलीस, बोलणं झालं ते झालं. पिशवीत घातलीस ना ती? फेक म्हणत नाही. उलट बाई मलाच बोलल्या. वर्षानुवर्षं लावलेलं स्टेरॉईड एकदम सोडलं की चेहरा भडकतो, आग होते, पुळ्या येतात. मग माणूस घाबरून तेच परत लावतो. सोडायचं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

परवा भाकरी थापताना तुझे गाल बघितले. लालबुंद, आणि बारीक शिरा वर आलेल्या. मागावर टॉवेल विरळ पडला की पलीकडचा उजेड दिसतो, तशी कातडी. अख्खा जन्म सुतात गेला, तरी हे उशिराच दिसलं.

आणली मीच होती. तुझ्या दहावीत, मुरुमांसाठी. मेडिकलवाल्यानं दिली, चिठ्ठी विचारली नाही. चार दिवसांत चेहरा उजळला, काकूनंही मागवली. 2018 मध्ये सरकारनं असल्या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली म्हणे, तरी काउंटरवर मिळतातच.

मुरुमाला मुरुमाचंच औषध लागतं, आणि गुण यायला 8 ते 12 आठवडे. तेलाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात म्हणून ते होतं, अस्वच्छतेनं नाही. तुझ्या वेळी आईला वांग, म्हणजे चेहऱ्यावर काळपट डाग, आलं होतं. गरोदरपणात येतं, उन्हानं वाढतं. आपलं सोलापूरचं ऊन! पदर पुढे ओढून ती बाजारात जायची. पुढं आपोआप फिकट झालं. तू सनस्क्रीन लाव, दोन-तीन तासांनी परत लाव. तळलेलं खाऊ नकोस, रात्री जागू नकोस, केस कपाळावर... असू दे. हे बाईंनी सांगितलेलं नाही, माझंच आहे. सोड.

बँकेची परीक्षा काढलीस तेव्हा मी कारखाना बंद ठेवून पेढे वाटले होते. आत्याला स्थळासाठी तुझा फोटो पाठवायचा नाही, हे मी ठरवलंय.

शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण सैल आहे, आडवा ठेवू नकोस. आणि ट्यूबचा मागून फोटो काढून पाठव, नाव नीट दिसेल असा. बाईंना दाखवायचंय.

तुझे,
अप्पा