डावं दार

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास की ईको व्हॅनचं डावं सरकतं दार महिनाभर अडकतंय, म्हणून पोरांना उजवीकडून उतरवतोस. नात जवळच होती म्हणून तेव्हा गप्प बसले. पण फोन ठेवल्यापासून जिवाला घोर लागलाय. बिजागरीचं दार उघडलं की मागून येणाऱ्याला लांबून दिसतं. सरकतं दार गाडीच्या अंगाला चिकटून मागे जातं, त्यामुळे पोर रस्त्यावर उतरेपर्यंत मागच्या दुचाकीवाल्याला पत्ता लागत नाही. दार नीट होईपर्यंत तू स्वतः खाली उतरून, हात धरून एकेकाला उतरव. उशीर झाला तर होऊ दे.

आता दाराचं. आधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा छोटा खटका बघ. तो लागलेला असला की आतून दार उघडत नाही आणि आपल्याला वाटतं अडकलं. तो ठीक असेल तर गाडी सपाट जागी लाव. उतारावर स्वतःच्या वजनानेही दार जड जातं, तिथे काही कळणार नाही.

हे दार तीन ठिकाणी धरलेलं असतं. वर एक पट्टी, खाली पायरीजवळ एक आणि बाहेरून मागच्या पत्र्यावर, खिडकीखाली तिसरी, ती मधली. तिन्हींत रोलर धावतात. दार अर्धं उघड आणि मागची कड दोन्ही हातांनी उचलून बघ. खालीवर हललं तर मधला रोलर झिजलाय. पुढची कड खालून लोंबत असेल तर खालचा. सगळीकडे सुरळीत सरकून शेवटच्या चार बोटांवर अडत असेल, तर रोलरच्या मागे लागू नकोस. लॉक जिथे बसतं तो खिळा आणि दाराभोवतीचं रबर बघ.

आपल्या ओम्नीचं आठवतं ना? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती खिडकीपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर वरून धुतली, पण पट्टीतला गाळ तसाच राहिला आणि वाळून विटेसारखा झाला. दार वीतभर उघडायचं. मी ओढत राहिले आणि हँडल हातात आलं. मग वरून ग्रीस थापलं. आठ दिवस दार लोण्यासारखं चाललं आणि नवव्या दिवशी पहिल्यापेक्षा घट्ट बसलं. ग्रीसमध्ये माती मिसळली की तिचा सरसरीत लगदा होतो आणि तो सँडपेपरसारखा रोलर खातो. शेवटी अंगणात बसून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टी कोरली. गाळ तर निघालाच, शिवाय पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा निघाला, आणि खालच्या रोलरच्या आसाभोवती कुणाचं तरी केसांचं रबर इतकं घट्ट गुंडाळलेलं होतं की ब्लेडने कापावं लागलं. तेवढं सुटलं आणि रोलर बोटाने गरगर फिरला.

म्हणून आधी सफाई. पट्टी सुक्या ब्रशने झाड, कोपरे जुन्या टूथब्रशने कोर. जुनं ग्रीस फडक्यावर थोडं डिझेल घेऊन पूस, रबराला ते लागू देऊ नकोस. मग साबणाच्या पाण्याचं फडकं आणि शेवटी कोरडं. तुझी गाडी सीएनजीची आहे, तेव्हा हे सगळं उघड्यावर कर आणि जवळपास काही पेटतं नको. हात घातलास की दाराच्या तळाची पाणी निचरायची भोकंही काडीने मोकळी कर. ती तुंबली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो.

रोलर फिरवून बघ. खरखरला, किंवा एका बाजूने चपटा झाला असेल तर बदलायचाच. बोल्ट सैल करण्याआधी रोलर धरणाऱ्या ब्रॅकेटभोवती मार्करने रेघ मार, नाहीतर दार पुन्हा ओळीत बसवताना अख्खा दिवस जाईल. दाराखाली लाकडाचा ठोकळा आणि त्यावर घडी घातलेलं गोणपाट दे. हे एकट्याने करू नकोस, दार जड असतं आणि पायावर आलं तर बोट जाईल. सूनबाईला किंवा शेजारच्या भाऊंना धरायला उभं कर. दुकानात जुना रोलर हातात घेऊन जा, कारण डावा-उजवा वेगळा असतो आणि नुसतं गाडीचं नाव सांगून भलताच गळ्यात पडतो.

मग ग्रीस, तेही पांढरं, अगदी बोटभर, रोलरच्या आसाला आणि पट्टीवर पातळ हात. दार दहा वेळा मागेपुढे कर आणि बाहेर आलेलं पुसून टाक. रबराला ग्रीस लावू नकोस, ते फुगतं आणि दार पुन्हा अडतं. त्याला सिलिकॉन स्प्रे चालतो.

झालं की मापाला नातीलाच बोलाव. तिला एका हाताने, दात न आवळता उघडता आलं पाहिजे, आतूनही आणि बाहेरूनही. आणि बंद करताना पोरांची बोटं मधल्या पट्टीवर नाहीत हे रोज बघत जा.

रविवारी संध्याकाळी ती डावीकडून उतरताना मला व्हिडिओ कॉल कर. मी वाट बघते.

तुझी आई