सर, आमची बेडकी बरी झाली

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं घर आमच्यापासून दोन वाड्या पलीकडे. आभार मानायला चालत येता आलं असतं, आणि येणारच आहे. पण हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. पाऊस सुरू झाला की आमच्या वेंगुर्ल्याकडे घरोघरी न्हाणीघराच्या भिंतीला असा एखादा बेडूक चिकटलेला दिसतो आणि त्याला केरसुणीने बाहेर काढलं जातं. मीही इतकी वर्षं तेच करत आले. यंदा केलं नाही, ते तुमच्यामुळे.

आर्द्रा लागून चार दिवस झाले होते. ह्यांनी परसातल्या केळीचा घड उतरवला, तेव्हा फण्यांमध्ये दडून बसलेल्या बेडकाला कोयत्याचं टोक लागलं. मागच्या पायाचं कातडं नखाएवढं सोललं गेलं. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने त्याला ओंजळीत आत आणलं आणि "हा आता माझा" म्हणून सांगून टाकलं. सासूबाई ओटीवरून ओरडल्या, "बेबो तो! घरात कसलो ठेवतस?" मी लोणच्याची रिकामी बरणी धुतली, अर्धी विहिरीच्या पाण्याने भरली, त्याला आत सोडलं आणि जखमेवर लावायला हळदीचा डबा काढला. मग काय वाटलं कोण जाणे, आधी तुम्हाला फोन केला.

मी दोन प्रश्न विचारले होते. हा कुठला बेडूक, आणि याला काय लावू? दुसऱ्याचं उत्तर तुम्ही तिथल्या तिथे दिलंत. "काहीही लावू नका. हळद नको, मलम नको." बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. श्वासही बराचसा कातडीतूनच चालतो, म्हणून कातडीला लावलेलं सगळं थेट आत जातं, हे तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. मग विचारलंत, पाणी कुठलं? विहिरीचं म्हटल्यावर पुढचा प्रश्न, टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची पावडर, कधी टाकली? आदल्याच दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस पावडर टाकून गेला होता. माणसासाठी ते पाणी बरोबर, पण त्यातलं क्लोरीन बेडकाच्या कातडीला सोसत नाही. सर, हा प्रश्न मला जन्मात सुचला नसता. त्याच क्षणी मी बरणी ओतली आणि पागोळ्यांखाली पातेलं लावलं. मुलाच्या हाताला डासांचं मलम चोपडलेलं होतं, ते धुवायलाही तुम्हीच लावलंत. बेडकाला धरायच्या आधी हात नुसत्या पाण्याने धुऊन ओलेच ठेवायचे आणि ठेवल्यावर साबणाने धुवायचे, हा नियम अजून आमच्या न्हाणीघराच्या दारावर खडूने लिहिलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र तुम्ही दोन दिवस घेतलेत. खरं सांगते, तेव्हा मला थोडा राग आला होता. नाव माहीत असेल तर सांगून का टाकत नाहीत? नंतर कळलं, तुम्ही मुलाला बघायला लावत होता. बोटांची टोकं कशी आहेत? त्याने बरणीच्या काचेतून पाहिलं आणि सांगितलं, टिकलीसारखी गोल, चपटी. म्हणजे झाडावर चढणारा. डोळ्यांच्या मागे फुगीर गाठी आहेत? नाहीत. म्हणजे भेक, तो खडबडीत कातडीचा बेडूक, नव्हे. लांबी किती? त्याने कंपासमधली पट्टी काचेला लावली. नाकाच्या टोकापासून पाठीच्या शेवटापर्यंत जवळजवळ 8 सेंटिमीटर.

त्याला तो आंबोलीचा उडता बेडूक हवा होता. शाळेच्या सहलीत पाहिल्यापासून तेच डोक्यात. तुम्ही त्याला न दुखवता सांगितलंत की तो हिरवागार असतो आणि बोटांमधले पडदे लालसर असतात. आंबोलीचाच म्हणून एक भेकही आहे, 2009 मध्ये त्याची नवी जात म्हणून शास्त्रात नोंद झाली, हेही सांगितलंत. त्या नादात त्याची निराशा कुठल्या कुठे पळाली. मग शेवटची खूण. "मांडीची मागची बाजू बघ. पाय लांब करेल तेव्हाच दिसेल, ओढू नकोस."

त्या रात्री आम्ही दोघं बॅटरी घेऊन अर्धा तास बसलो. तो काचेवर चढायला लागला, पाय ताणला गेला आणि आत काळपट तपकिरी कातडीवर पिवळे गोल ठिपके चमकले. पाठ अगदी साधी, मातकट, आणि मांडीत हे लपवलेलं! मुलाने तुम्हाला रात्री साडेनऊला फोन केला, त्याबद्दल माफी असावी. तुम्ही म्हणालात, "आता नाव सांगतो. चुनाम झाडबेडूक. पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस. मॅक्युलेटस म्हणजे ठिपक्यांचा." आणि इतका मोठा आहे म्हणजे मादी असणार. तेव्हापासून आमच्या घरात 'तो' गेला आणि 'ती' आली.

पुढचे पंधरा दिवस सांगण्यासारखं फार नाही. तुमच्या सांगण्यावरून बरणीऐवजी उंच प्लास्टिकचा डबा घेतला, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, तळाला ओलं सुती फडकं, आत एक आडवी फांदी. फडकं रोज बदलायचं. भाताची शितं ठेवली होती, ती तशीच राहिली, कारण जे हलत नाही ते तिच्या लेखी खाणंच नाही. मग दिव्याखाली जमणारे पतंग आणि रातकिडे. तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा नको, आणि औषध मारलेल्या घरातलं झुरळ तर मुळीच नको. गिळताना ती डोळे घट्ट मिटायची. डोळे आत ओढून घास खाली ढकलते, असं तुम्ही सांगितल्यापासून मुलगा जेवताना तसं करून बघायचा. दिवसा फिकट पांढरट आणि रात्री गडद दिसायची. आजारी नाही, रंग बदलते, हा धीरही तुमचाच.

एका पहाटे मात्र आम्ही घाबरलो. ती वाकडीतिकडी होत होती, पुढच्या पायांनी अंगावरून काहीतरी ओढून तोंडात कोंबत होती. पातळ, ओल्या प्लास्टिकसारखं. मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही फोनवर शांतपणे म्हणालात, "कात टाकतेय. ती खाऊन टाकते. नवी कातडी येतेय, म्हणजे चांगलंच आहे." उजाडल्यावर पाहिलं तर जखमेच्या जागी नुसती फिकट रेघ उरली होती.

सासूबाईंनी विचारलं होतं की बेडूक मुतला की चामखीळ येते ना? तुम्ही त्यांना हसला नाहीत. चामखीळ विषाणूमुळे येते, ती माणसाची माणसाला लागते, असं त्यांच्या वयाचा मान ठेवून समजावलंत. हे माझ्या मनात फार राहिलंय, सर.

आणि सोडण्याचा दिवस. "ठेवू नकोस" असं तुम्ही मुलाला एकदाही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत की रात्री पाऊस पडताना ती डब्यात कुठल्या बाजूला बसते? दोन रात्री त्याने पाहिलं. परसाकडच्या बाजूला, कापडाला तोंड लावून. तिसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच डबा घेऊन केळीकडे गेला. आंबोलीला नेऊन सोडूया, असं मी सुचवलं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. बेडकांचे रोग एका जागेहून दुसरीकडे असेच पसरतात, जिथली तिथेच सोडायची.

गेल्या आठवड्यात न्हाणीघरामागच्या पाण्याच्या दोणीच्या काठाला पांढरा फेस दिसला. "ह्यो साबण कोणी सांडल्यान?" म्हणत सासूबाईंनी तांब्या उचलला, तोच मुलगा धावत आडवा आला. तुम्ही त्याला सांगितलेलं होतं की मादी मागच्या पायांनी घुसळून फेस करते, आत अंडी असतात आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. ती आमचीच की दुसरी कुणी, कोण जाणे. दोणीत टीसीएल नाही, गप्पी मासे नाहीत. सासूबाई हल्ली अंघोळीचं पाणी दुसरीकडून घेतात.

काल संध्याकाळी पहिल्या शेपट्या दिसल्या. रविवारी या, सर. मुलाने मोजून ठेवायला घेतल्यात, त्याचा आकडा तुम्हीच तपासायचा आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या करते.

तुमची ऋणी,
बेडकीवाल्याची आई