विसार परत करा

बंगळूर, रविवार रात्र

ती. आई-अण्णा,
सा. न.

दादाचा फोन येऊन गेला. ओढ्याकाठच्या दीड एकराचा अण्णांनी विसार घेतलाय आणि हे मला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलंय, एवढं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. दादाच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही इतकी वर्षं बघताय, तरी त्याच्यावर भरवसा ठेवलात.

दादाच्या चिमीला आत्यासारखं पायलट व्हायचंय म्हणून आजोबा जमीन विकायला निघाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून जास्त आला. अण्णा, मी वायुदलात पायलट झाले तेव्हा तुमचे किती पैसे गेले? दुंडिगलच्या एअर फोर्स ॲकॅडमीत पासिंग आउटला आलात ते रेल्वेचं भाडं, आणि आईनं सगळ्या बॅचसाठी आणलेले बेदाण्याचे लाडू. बाकी सगळं सरकारनं केलं. मग चिमीसाठी ओढ्याकाठचा तो तुकडा कशाला?

दादानं पाठवलेली ती पायलट बनवायची कॅडेट स्कीम मी नीट वाचली. नाव विमान कंपनीचं, फी मात्र आईबापांची. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं, डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचे, पेपर वेगळे, आणि सगळं मिळून अर्ध्या कोटीच्या आसपास जातं. लायसन्स हातात आलं की टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायचं शिक्षण, त्याचे आणखी लाखो. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा मला ठाऊक आहे. पैसे आधी भरून घेतले आणि विमान कधी दुरुस्तीला, कधी शिकवणाराच नाही. दोन वर्षं तो हॉस्टेलच्या गच्चीवरून दुसऱ्यांची विमानं बघत बसला. घरावरचा हप्ता मात्र चालू.

‘फुकट पायलट’चा जो दुसरा व्हिडिओ दादानं पाठवला, तो ब्रिटिश एअरवेजचा आहे. २०२३ पासून ते खरंच सगळा खर्च उचलतात, पण ज्याला ब्रिटनमध्ये राहायचा-काम करायचा हक्क आहे त्याचाच. तासगावच्या पत्त्यावर ते जमायचं नाही. चिमीची ती ओबीसीतली मैत्रीण आहे ना, तिला मात्र ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेकडे चौकशी करायला सांगा. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मुलांना शिकवलंय.

आपल्या चिमीसाठी रस्ता खडकवासल्याच्या एनडीएचा, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या ॲकॅडमीचा. माझ्या वेळी एनडीएत मुली घेत नव्हते. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं दार उघडलं आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ जणी बाहेर पडल्यासुद्धा. बारावीला तिचं फिजिक्स-मॅथ्स आहेच. परीक्षा वर्षातून दोनदा असते. लागली नाही तर पदवीनंतर एएफकॅट ही वायुदलाची परीक्षा आहे, मी दिली ती. ॲकॅडमीत फी नाही, उलट दुंडिगलला शेवटच्या वर्षी महिना ५६,१०० रुपये देतात.

पण पुस्तकं घ्यायच्या आधी टेप घ्या. वायुदलाच्या पायलटचा पाय किमान ९९ सेंटिमीटर लागतो, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ च्या मध्ये. माझ्याबरोबरचा एक मुलगा मुलाखतीत सगळ्यांच्या पुढे होता, पाय दीड सेंटिमीटर आखूड भरला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला. रंग ओळखायची तपासणीही मिरजेला एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आत्ताच करून घ्या.

आणि एक मशीनवरची टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच. नापास झालं की वायुदलात पायलटचं दार कायमचं बंद. हातात दांडा, पायाखाली पेडल, समोर एक ठिपका सारखा पळतोय, तो मध्ये धरून ठेवायचा, आणि त्यातच मध्येमध्ये दिवे लागतात ते विझवायचे. म्हैसूरला निवडीच्या वेळी माझ्या शेजारचा घामाघूम झाला होता. मला काय आठवलं सांगू? तुम्ही मला ब्लोअर लावलेला छोटा ट्रॅक्टर शिकवलात ते. द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलला चाक घासता कामा नये, मागं फवारा सारखा पडला पाहिजे, क्लच अर्धा दाबून ठेवायचा, आणि बांधावरून तुमच्या शिव्या. चिमीला ट्रॅक्टरवर बसवा. दादा नको म्हणेल, त्याचं ऐकू नका.

आता जे मी तुम्हाला कधी बोलले नाही ते. फुकट म्हणजे काय, तर पैशाऐवजी वर्षं घेतात. माझी १४ घेतली. मिरजेत अण्णांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी आसामात जोरहाटला होते. एएन-३२ या मालवाहू विमानात पीठ, रॉकेल, मीठ भरून अरुणाचलातल्या डोंगरांमधल्या धावपट्ट्यांवर उतरवत होते. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना रेशन, आणि माझे अण्णा आयसीयूत. रजा मिळाली, पण हवा फिरली आणि तीन दिवस तिथंच अडकले. पोचले तेव्हा आई बाकावर एकटी बसून शेंगा सोलत होती. ‘आलीस होय’ एवढंच म्हणाली. त्या वाक्याचा हिशेब मला अजून जुळत नाही.

चिमीला हे सगळं सांगा. एनडीएतून गेली तर पेन्शनसाठी २० वर्षं. शॉर्ट सर्व्हिसला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीला, १४, आणि पेन्शन नाही. शिक्षण मधेच स्वतःहून सोडून आली तर खर्च भरून देऊ, असं आईबापांकडून लिहून घेतात. नंतर एअरलाइनचं विमान चालवायचं तर डीजीसीएचे पेपर आहेतच. मी या वयात रात्री हवाई नियम पाठ करतेय आणि सिम्युलेटरमध्ये माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलाच्या शेजारी बसतेय. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करतेय, त्याबदल्यात बाँड. म्हणजे पुन्हा वर्षंच. ती द्यायची की नाही ते चिमीला ठरवू द्या. एखादे वेळी ती नकोही म्हणेल. म्हणू द्या.

विसाराचे पैसे खर्चले असतील तर सांगा, मी उद्याच पाठवते. गिऱ्हाईक कुरकुर करेल, दुप्पट मागेल. अण्णा, तुम्ही बोलू नका, आईला बोलू द्या.

ऑक्टोबर छाटणीला चार दिवस येतेय.

तुमची
ताई

ता. क. चिमीची उंची मोजताना टाचा भिंतीला लावल्यात का बघा. मागच्या दिवाळीला तिनं मला फसवलंय.