ई, सी आणि तुझी कोलेस्टेरॉलची गोळी

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी लिहून दिलेली स्टॅटिनची गोळी बाजूला ठेवून तू ई आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्यास, हे काल सूनबाईंकडून कळलं. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

तुझा तर्क मला कळतो. तुझ्यासारख्या मधुमेह्याच्या रक्तात साखर वाढली की पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू जास्त तयार होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, आणि ई, सी यांसारखी अँटिऑक्सिडंट त्या रेणूंना निकामी करतात. प्रयोगशाळेत हे दिसलेलं आहे. पण माणसांवर तपासलं तेव्हा काय झालं?

तू राहतोस त्याच ब्रिटनमध्ये हार्ट प्रोटेक्शन स्टडी झाला. २०,५३६ माणसं, त्यांतले ५,९६३ मधुमेही. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षं. रक्तातली जीवनसत्त्वं छान वाढली, पण हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत काडीचाही फरक पडला नाही. निकाल २००२ सालचा आहे.

आणि समीर, हे नीट वाच. त्याच अभ्यासात, त्याच माणसांमध्ये, सिम्व्हास्टॅटिन हे एक स्टॅटिनही तपासलं होतं. त्याने हार्ट अटॅक आणि पक्षाघात सुमारे पाव हिस्स्याने कमी झाले, मधुमेह्यांमध्येसुद्धा. म्हणजे जे उपयोगी ठरलं ते तू कपाटात ठेवलंस आणि जे ठरलं नाही ते रोज गिळतोयस. औषधाच्या दुकानात जन्म गेलाय माझा. अशी अदलाबदल मला बघवत नाही.

सीचे मोठे डोस घेतलेस तर काही ग्लुकोमीटर साखर चुकीची, जास्त दाखवतात. मुतखड्याचा धोका वाढतो तो वेगळाच. आवळा, पेरू, पालेभाज्या खुशाल खा, त्याला माझी ना नाही.

तपासायचंच असेल तर बी-१२ तपास. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, तुझीही आता बरीच वर्षं झाली. आपल्या घरात मांसमच्छी नाही, त्यामुळे मला त्याची जास्त काळजी. पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांग.

स्टॅटिनने अंग दुखेल अशी भीती असेल तर तेही त्यांनाच विचार. डोस किंवा गोळी बदलता येते. आज रात्रीपासून सुरू कर आणि मला कळव. आईने मेथीचे लाडू धाडलेत, गूळ न घालता.

तुझे
बाबा