तपासणीच्या चिठ्ठ्या मुलांच्याच हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत दातांची तपासणी झाली की त्या संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींच्या सुपलीत काय जमते, ते मी बरीच वर्षे पाहिले आहे. 'दाढ किडली आहे, दवाखान्यात दाखवावे' अशा चिठ्ठ्या. काहींची विमाने झालेली, काहींच्या मागे फुली-गोळा खेळलेला. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण अख्खी शाळा दुपारपर्यंत उरकायची म्हटल्यावर 'आ कर, मिट, पुढचा' याहून जास्त काय होणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात तपासायच्या आजारांमध्ये दातांची कीडही आहे. योजना चांगली आहे. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येते, आणि चिठ्ठी दप्तरापर्यंतही पोचत नाही.

पोचली तरी घरी उत्तर ठरलेले असते : 'दुधाची दाढ आहे, पडेल.' खरी मेख इथेच आहे. कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, तीही दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता. त्यामुळे ती दुधाचीच वाटते. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी दाढ येते, तोवर पहिलीला खड्डा पडलेला असतो. दातावरचे कवच एकदा गेले की परत येत नाही. वेळेत चांदी किंवा सिमेंट भरून भागते, पण वेळ गेली की रूट कॅनॉल, नाहीतर दाढ काढणे. शेतमजुराच्या घरात यातले शेवटचेच परवडते.

हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून शिकवले. मुलांनी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिले आणि गृहपाठ विसरावा तसे विसरूनही गेली. मग एका वर्षी वेगळे करून पाहिले. नववीतली काही मुले निवडायची, त्यांना नीट तयार करायचे आणि सहावी-सातवीच्या वर्गांवर सोडायचे.

पहिली चूक आम्ही निवडतानाच केली. सवयीने वर्गाचे मॉनिटर आणि पहिल्या बाकावरची मुले घेतली. त्यांनी माझेच भाषण माझ्याच आवाजात म्हणून दाखवले आणि सहावीचा वर्ग जांभया देत बसला. दुसऱ्या खेपेला मुलांनाच कागदावर लिहायला सांगितले : 'तुम्ही कुणाचे ऐकता?' सगळ्यात जास्त नाव कबड्डीच्या संघातल्या एका मुलाचे आले. शिक्षकांच्या खोलीत गहजब झाला, कारण तो मुलगा मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, खातो हे सगळ्यांना ठाऊक होते. मुख्याध्यापक म्हणाले, 'बाई, चोराच्या हातात किल्ल्या देताय.'

तयारीच्या वेळी मी एक साधी परीक्षा सांगितली होती. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरायची आणि तोंडात जातात का पाहायचे. त्या मुलाची दोनच गेली. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, 'बाई, मिसळ खाल्ली की तोंड लई जळतंय, ते ह्याच्यामुळंच का?' सुपारीने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि ते पूर्ववत होणे कठीण असते. त्यासाठी तंबाखूही लागत नाही, नुसती सुपारी पुरते. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. सातवीच्या वर्गात त्याने भाषण केलेच नाही. सगळ्यांसमोर स्वतःची बोटे तोंडात घालून दाखवली आणि म्हणाला, 'माझी दोन जात्यात. तुमची बघा.' वर्ग इतका चिडीचूप मी माझ्या तासाला कधी पाहिला नाही.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने मनाई आहे, राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. मावा मात्र टपरीवर समोर घोटून मिळतो. बंदीने जे झाले नाही ते त्या मुलाने केले, असा दावा मी करणार नाही. त्या वर्गातली दोन-चार पोरे तरी टपरीवर थांबायची बंद झाली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

मुलींच्या गटाने वेगळीच गंमत केली. खायचा लाल रंग कापसाने दातांवर फिरवायचा आणि चूळ भरून आरशात बघायचे. चिकट थर जिथे राहिला असेल तिथे रंग धरून बसतो. 'मी रोज घासते' म्हणणाऱ्यांच्या हिरड्यांलगत लाल रेघ दिसली की वर्ग खो-खो हसायचा, पण दुसऱ्या दिवशी ब्रश तिथवर पोचायचा. रात्री झोपताना घासायचे, फ्लोराइडची पेस्ट वापरायची, घासल्यावर नुसते थुंकायचे आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते, हेही त्याच सांगायच्या. आपल्याकडे दात म्हणजे सकाळचे काम. शिवाय आजी-आईची मिश्री. 'मिश्रीनं दात घट्ट होतात' या समजुतीवर माझी मात्रा चालली नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे हे घरी नातीने सांगितल्यावर एक-दोन आज्यांनी डबी बाजूला ठेवल्याचे मुलींकडून कळले. खरेखोटे त्या आज्याच जाणोत.

हे केवळ आमच्या शाळेचे कौतुक नाही. कराचीतल्या शाळांमध्ये झालेला एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोबत्यांनी शिकवलेली मुले दातांच्या सवयींत दंतवैद्यांनी शिकवलेल्या मुलांच्या जवळपास पोचली होती. ब्रिटनमध्ये धूम्रपान रोखण्यासाठी राबवलेल्या आणि २००८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगातही सोबत्यांना समजावणारे दूत मुलांनीच निवडले होते, शिक्षकांनी नव्हे. आमची दुसरी खेप जमली त्याचे कारण मला तिथे सापडले.

दोन गोष्टींची काळजी मात्र हवी. मुलांनी दुसऱ्याच्या तोंडात बोटे घालायची नाहीत आणि निदानही करायचे नाही. आणि कुणाच्या दातांवरून कुणाला चिडवायचे नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते कितीही घासून जात नाहीत. तिथल्या पोरीला 'घाण दातांची' म्हटले तर ती तोंडावर हात धरूनच मोठी होईल.

२०२०मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करून विद्यार्थ्यांना आरोग्याचे दूत करण्याची सोय आहे. त्याच्या ११ विषयांत आहार, व्यसन, अगदी इंटरनेटही आहे, पण दातांना स्वतंत्र जागा नाही. नवी योजना, नवे रजिस्टर कृपया नको. शिक्षकांच्या टेबलावर आधीच पुरेशी रजिस्टरे आहेत. आहे त्या कार्यक्रमात दोन तास दातांना द्यावेत आणि दूत मुलांच्या मतांनी निवडावेत. मुले आठ-पंधरा दिवस उत्साहाने घासतात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरतात, म्हणून प्रत्येक सत्रात हे पुन्हा व्हावे.

आणि पथक येईल तेव्हा डॉक्टरांनी अर्धा तास या दूतांबरोबर बसावे. किडलेल्या दाढांच्या चिठ्ठ्या त्यांच्याच हाती द्याव्यात. कुणाची चिठ्ठी कुठल्या घरी द्यायची आणि महिन्याने 'दाखवलंस का?' म्हणून कुणाला गाठायचे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. सांगली