पोलीस ठाण्यांचा आठवड्याचा हिशेब नागपूरकरांना मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या खुनांवरून तिथे जे राजकारण चालते, ते हल्ली आपल्याकडच्या चर्चांतही ऐकू येते. ‘न्यूयॉर्कला कडक महापौर मिळाला आणि गुंड सरळ झाले, नागपूरलाही तसाच माणूस हवा,’ असे ठासून सांगितले जाते. आकडे वर्षवार मांडले की हे म्हणणे टिकत नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1990 साली 2,245 खून झाले. ज्यांना हे श्रेय दिले जाते ते रुडी ज्युलियानी महापौर झाले 1994 च्या जानेवारीत. उतरण त्याआधीच लागली होती आणि पोलिसांच्या मोठ्या भरतीची तजवीज आधीचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी केली होती. पुढे रस्त्यात अडवून झडती घेण्याचा सपाटा सुरू झाला. एकट्या 2011 मध्ये 6 लाख 85 हजारांवर लोक अडवले गेले. 2013 मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता खून वाढणार, असे भाकीत झाले. 2017 मध्ये ते 292 वर आले. 2022 ते 2024 या तीन वर्षांत शहराने हंगामी धरून चार पोलीस आयुक्त पाहिले, तरी खून 438 वरून 377 वर उतरले. आणि 2020 मध्ये देशभर खून जवळपास 30 टक्क्यांनी वाढले, तेव्हा कडक कायदा-सुव्यवस्थेची भाषा करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे महापौर असलेली जॅक्सनव्हिल आणि फोर्ट वर्थ ही शहरेही सुटली नाहीत. एवढ्या गुंत्यात एका नेत्याच्या गळ्यात हार घालायचा की त्याच्या माथी खापर फोडायचे, हा वाद निष्फळ आहे.

न्यूयॉर्ककडून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. 1994 मध्ये आयुक्त विल्यम ब्रॅटन यांच्या काळात ‘कॉम्पस्टॅट’ ही पद्धत आली. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतले गुन्हे दर आठवड्याला मोजायचे, नकाशावर मांडायचे आणि ठाणेदाराला इतर अधिकाऱ्यांसमोर बसवून विचारायचे, की या चौकात तीन आठवडे लूटमार वाढते आहे, तुम्ही काय केले? ही बैठक बंद दाराआड होते, पण तिच्यामागचा कागद आज कोणीही संकेतस्थळावर पाहू शकतो.

प्रत्येक ठाण्यासाठी एक पान, सोमवार ते रविवारचे. वर खून, बलात्कार, लूट, गंभीर मारहाण, घरफोडी, मोठी चोरी आणि वाहनचोरी. समोर या आठवड्याचे, गेल्या 28 दिवसांचे आणि वर्षाच्या सुरुवातीपासूनचे आकडे, प्रत्येकाशेजारी मागच्या वर्षीचा त्याच काळाचा आकडा. 28 दिवसांचा फायदा असा, की त्यात प्रत्येक वार बरोबर चारदा येतो. महिन्यात कधी पाच शनिवार-रविवार पडतात आणि तुलना फसते. आपल्याकडे पाच खुनांचे आठ झाले की ‘60 टक्के वाढ’ असा मथळा येतो. एवढ्या लहान आकड्यांत ती निव्वळ योगायोगाचीही असू शकते.

त्या पानाचा सर्वात मोलाचा भाग खालचा आहे. तिथे गोळी लागलेल्यांची संख्या वेगळी असते, शिवाय किरकोळ चोरी आणि किरकोळ मारहाणीचेही आकडे असतात. कारण बैठकीत बोलणी खावी लागतात म्हटल्यावर गुन्हा हलका करून लिहिण्याचा मोह होतोच. गंभीर मारहाण किरकोळ लिहायची, लुटीला हरवलेली वस्तू म्हणायचे, हे न्यूयॉर्कमध्येही उघडकीस आले आहे. वरचा आकडा घटला आणि त्याच वेळी खालचा फुगला, तर वाचणाऱ्याला संशय घेता येतो.

आपल्याकडे या पळवाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. हिसकावलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवायचा. मारहाणीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तक्रारदाराला वाटेला लावायचे. चाकूचा वार पोटात असला तरी भारतीय न्याय संहितेचे 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, न लावता 118, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, यावर भागवायचे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितले आहे. तरी नुसते खून मोजून चालणार नाही. तोच वार झालेला माणूस वेळेत मेडिकल रुग्णालयात पोहोचला तर जखमी, नाही पोहोचला तर खून.

म्हणून पडताळणी दवाखान्यातूनच व्हावी. वेल्समधल्या कार्डिफची ही पद्धत अमेरिकेत अटलांटा परिसरात राबवली गेली आहे. मेयो आणि मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमींची, नोंद होतेच. त्यातून नाव-पत्ता वगळून फक्त मारहाणीचे ठिकाण, वेळ आणि हत्यार एवढेच दर आठवड्याला काढावे. पोलिसांच्या आकड्यांपेक्षा ते खूप जास्त निघाले, तर कुठल्या हद्दीत नोंद होत नाही ते कळेल.

अमेरिकी महापौराचे उदाहरण इथे अजून एका कारणाने लागू पडत नाही. न्यूयॉर्कचा आयुक्त महापौर नेमतो. नागपूरचा आयुक्त राज्याचा गृह विभाग नेमतो. आपल्या महापौराच्या हाती पथदिवे आहेत, आणि तेही कमी नाही. न्यूयॉर्कने सरकारी वसाहतींत तात्पुरते प्रकाशमनोरे उभारून 2016 मध्ये प्रयोग केला, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अंधाऱ्या गल्ल्यांची यादी महापालिकेला ठाण्यांकडूनच मिळायला हवी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2023 चा अहवाल आपल्या हाती आला सप्टेंबर 2025 च्या अखेरीस. पाचपावली, कळमना किंवा हुडकेश्वरच्या रहिवाशाला तो आज काय उपयोगाचा? एफआयआर सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत भरले जातातच, त्यामुळे ठाणेनिहाय पान संगणकच काढून देईल. गृह विभागाने ते दर मंगळवारी प्रसिद्ध करावे. त्यात खून, कलम 109, 118, जबरी चोरी आणि हिसकावणी यांच्या खाली एनसी आणि ‘गहाळ’ मोबाइलचेही आकडे असावेत. पीडितांची ओळख कुठेही नसावी, जुनी पाने काढून टाकू नयेत, आणि एखाद्या गुन्ह्याचे कलम नंतर बदलले तर मूळ आकडा न खोडता बदल शेजारी दाखवावा.

– गुन्हे आकडेवारीचे एक अभ्यासक,
धरमपेठ, नागपूर